‘क्लास’ या शब्दाची झडती

(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटापुढे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असलेला हा शब्द म्हणजे ‘क्लास’. आपण क्लासला जातो. परीक्षेत फर्स्ट क्लास मिळवतो. गावातला कुणी क्लास वन अधिकारी झाला की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. पिक्चर आवडला तर ‘क्लास!’ म्हणतो आणि माणूस आवडला नाही तर ‘थर्ड क्लास’ म्हणतो. घरची परिस्थिती सांगताना लोअर मिडल क्लास म्हणतो. आणि कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म भरताना खिडकीतला क्लार्क विचारतो, बॅकवर्ड क्लास का?

शब्द एकच आणि कामं इतकी. मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या चौकशा करायची मला सवय आहे. पण आज हा शब्द निवडलाय तो तेवढ्यासाठी नाही. तुमच्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. पदवी हातात पडल्यावर तुम्हाला दोन वाक्यं वारंवार ऐकू येतील. काहींनी ती आधीच ऐकली असतील. पहिलं वाक्य: ‘आता तू शिकलास, कमावतोस, तुझा क्लास बदलला. आता कसली जात?’ दुसरं वाक्य: ‘सवलती द्या, पण कास्टवर नको, क्लासवर द्या.’ दोन्ही वाक्यांत हा शब्द असा वापरतात, जणू त्याचा अर्थ ठरलेलाच आहे. तो तसा ठरलेला नाही. कुणी, कुठे, कशासाठी ठरवला हे माहीत असलं, तर उत्तर देताना आपला आवाज कापत नाही.

सुरुवात प्राचीन रोमपासून करू. लॅटिनमध्ये मूळ शब्द ‘क्लासिस’. हाक मारणे, बोलावणे अशा अर्थाच्या जुन्या लॅटिन धातूशी तो जोडला जातो. म्हणजे क्लासिस म्हणजे बोलावलेली माणसं, लढाईसाठी हाक दिल्यावर जमलेली फौज. पुढे याच शब्दाला आरमार असाही अर्थ आला. रोमन परंपरा सांगते, की ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात सर्व्हियस टुलियस या राजाने लोकांची शिरगणती केली आणि मालमत्तेप्रमाणे नागरिकांचे पाच क्लास पाडले. ज्याच्याकडे जास्त मालमत्ता, त्याने जास्त भारी शस्त्रं स्वखर्चाने आणायची. वरवर बघता रास्त वाटतं. ज्याला परवडतं त्याने जास्त द्यावं.

खरी मेख मतदानात होती. रोमन लोक एक माणूस एक मत असं मतदान करत नसत. ते गटाने मत देत. या गटाला सेंच्युरी म्हणत. असे एकूण १९३ गट होते. त्यातले १८ घोडेस्वारांचे आणि ८० पहिल्या क्लासचे. बेरीज करा: ९८. म्हणजे १९३ पैकी बहुमत झालंच. मतदान वरून सुरू व्हायचं आणि बहुमत झालं की थांबायचं. वरच्या दोघांचं एकमत असेल, तर खालच्यांना विचारायची वेळच येत नसे. आणि ज्यांच्याकडे नाव घेण्यासारखी मालमत्ताच नाही, त्या सगळ्यांचा मिळून एक गट. संख्येने प्रचंड आणि मत एक. बायका आणि गुलाम तर त्या हिशेबातही नव्हते.

या तळच्या लोकांना नाव होतं ‘प्रोलेटारी’. लॅटिनमध्ये ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. जे राज्याला फक्त मुलं देऊ शकतात, दुसरं काही नाही, ते प्रोलेटारी. पुढे मार्क्सवाद्यांनी जो ‘प्रोलेटरिएट’ शब्द वापरला, आपल्याकडे ज्याला सर्वहारा म्हणतात, तो इथून आला. क्लास या शब्दाच्या जन्मदाखल्यावरच असं लिहिलंय: कुणाचं मत मोजायचं आणि कुणाचं मोजायची वेळच येऊ द्यायची नाही, हे ठरवण्याचं हे हत्यार आहे.

आता याच शब्दाचा दुसरा फाटा बघा. ‘क्लासिक’ म्हणजे अभिजात, श्रेष्ठ. आपण म्हणतो, अमुक कादंबरी क्लासिक आहे. रोममध्ये ‘क्लासिकस’ म्हणजे पहिल्या क्लासचा, मालदार नागरिक. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या लेखकाने एक संभाषण नोंदवून ठेवलंय. त्यात चांगल्या, प्रमाण मानाव्यात अशा लेखकाला ‘क्लासिकस’ म्हटलंय आणि त्याच्या उलट प्रकारच्या लेखकाला ‘प्रोलेटारियस’. म्हणजे लेखकाची प्रत सांगायला करदात्याची प्रत वापरली. कुणाची भाषा शुद्ध, कुणाचं साहित्य श्रेष्ठ, या प्रश्नात मालमत्ता तेव्हापासून येऊन बसली आहे. आपल्या आज्यांच्या ओव्यांना लोकसाहित्याच्या कपाटात ठेवतात आणि दुसऱ्या कुणाच्या श्लोकांना अभिजात म्हणतात, तेव्हा ते कपाट लावणारा हात कुणाचा होता, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

इंग्रजीत हा शब्द बराच उशिरा रुळला. १६५६ साली टॉमस ब्लाउंटने अवघड शब्दांचा एक कोश छापला. त्यात या शब्दाचे अर्थ दिलेत ते आरमार, लोकांची पायरीप्रमाणे केलेली विभागणी आणि शाळेतला विद्यार्थ्यांचा गट असे. आणि शब्द जास्त करून शाळांतच चालतो, असंही त्याने नोंदवलंय. पुढे १७३५ मध्ये लिनीअसने निसर्गातल्या वस्तूंची वर्गवारी करताना हाच शब्द घेतला. समाजातल्या थरांसाठी मात्र इंग्रज तेव्हा वेगळे शब्द वापरायचे: रँक, ऑर्डर, एस्टेट, डिग्री. हो, डिग्री. तुम्ही आता जी घेणार आहात तिच्या नावाचा मूळ अर्थ पायरी. हे जुने शब्द जन्माशी बांधलेले होते. कारखाने आले, शहरं फुगली, पैसा नव्या हातांत गेला, तसे ते अपुरे पडायला लागले. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला लोअर क्लास, मिडल क्लास, वर्किंग क्लास असे शब्दप्रयोग रूढ झाले. रेमंड विल्यम्स या वेल्श विचारवंताने १९७६ च्या ‘कीवर्ड्स’ या पुस्तकात हा बदल नीट मांडलाय. तो स्वतः रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा होता, म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच. त्यातला मुद्दा लक्षात ठेवा: इंग्लंडात क्लास हा शब्द आला तो जन्माने चिकटलेल्या पायरीपासून वेगळं काही सांगण्यासाठी. जिथे माणूस पैशाने वर चढू शकतो किंवा खाली घसरू शकतो, अशा समाजासाठी. जन्माला चिकटलेली पायरी जिथे मजबूत उभी होती, त्या आपल्या देशात हा शब्द आल्यावर काय झालं?

आल्या आल्या त्याने एक वाईट काम केलं. १७९४ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यात ‘वर्ण’ या शब्दासाठी त्याने ‘क्लास’ वापरला. ब्राह्मण हा पुरोहित क्लास, शूद्र हा सेवा करणारा क्लास. भाषांतराच्या एका फटक्यात जन्मावर ठरणारी गोष्ट कामावर ठरणारी वाटायला लागली. इंग्रज वाचकाला वाटणार, यांच्याकडेही आपल्यासारखेच क्लास आहेत की! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ज्या ग्रंथाचं दहन केलं, त्याला इंग्रजीत घातलेला हा पहिला सदरा.

‘कास्ट’ हा शब्द वेगळ्या घरचा. तो पोर्तुगिजांच्या ‘काश्ता’वरून आला. अर्थ वंश, कूळ, वाण. क्लास आणि कास्ट कानाला भावंडं वाटतात, पण त्यांचं रक्ताचं नातं नाही.

पुढे १८३५. मॅकॉलेचं शिक्षणावरचं टिपण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याने सांगितलं, की सगळ्या जनतेला शिकवणं आपल्याला परवडणारं नाही. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये दुभाषी म्हणून उभा राहील असा एक क्लास तयार करू. त्याने शब्द क्लास हाच वापरला. ज्ञान वरच्यांना द्या, ते झिरपत खाली जाईल, ही त्या धोरणामागची कल्पना. हे झिरपणं खोटं आहे, असं ठणकावून सांगणारा माणूस पुण्याचा. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी हिशेब मांडला, की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. वरच्यांनी शिकून खालच्यांसाठी काय केलं ते दाखवा. कर कोण भरतो आणि क्लासमध्ये कोण बसतो, हा प्रश्न जोतीरावांनी त्या एका शब्दाला विचारला. आज फीवाढीविरुद्ध तुम्ही विद्यापीठाच्या गेटवर बसता, तेव्हा तोच प्रश्न विचारत असता.

आता रेल्वेकडे येऊ. रेल्वेने हा शब्द अडाणी माणसाच्याही तोंडी नेला. फर्स्ट, सेकंड, इंटर आणि थर्ड क्लास. थर्ड क्लासमध्ये देश प्रवास करायचा, गुराढोरांसारखा कोंबलेला. रेल्वे चालायची त्याच्या गर्दीवर आणि गाद्या असायच्या दुसऱ्यांच्या डब्यात. मग हळूहळू डब्याचं नाव माणसाला चिकटलं. ‘थर्ड क्लास’ ही मराठीत शिवी झाली. जरा विचार करा. तिकीट स्वस्त होतं म्हणून त्या डब्यात बसणारा माणूसच हलका ठरला. सत्तरच्या दशकात रेल्वेने थर्ड क्लास रद्द केला. नंतर मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ ते ७९ या काळात, सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. फर्स्ट क्लासवाल्याची पाठ आणि गरिबाची पाठ सारखीच दुखते, हे सरकारी कागदावर यायला एवढा काळ लागला. डबा गेला, शिवी मात्र अजून राहिली आहे. निदान तुम्ही तरी ती वापरू नका. ती तुमच्या आजोबांच्या तिकिटावरून आली आहे.

सरकारी नोकरीतही तसंच. क्लास वन, टू, थ्री, फोर. केंद्र सरकारने सत्तरच्या दशकातच हे शब्द बदलून गट अ, ब, क, ड केले. तरी लग्न जुळवताना कुणी ‘मुलगा गट-अ आहे’ असं म्हणत नाही, ‘क्लास वन आहे’ म्हणतो. आणि झाडू मारणाऱ्या, फाइल वाहणाऱ्या माणसाला ‘क्लास फोर’ म्हणतात, जणू तो माणूसच चौथा. आता हा प्रश्न विचारा: कुठल्याही सरकारी इमारतीत सफाईच्या कामावर कोणत्या जातींची माणसं दिसतात? तिथे क्लास आणि जात हे दोन शब्द एकाच झाडूच्या दांड्याला धरून उभे असतात.

अजून एक जागा दाखवतो. तुमच्या घरी सातबारा असेल तर सुट्टीत गेल्यावर बघा. त्यावर ‘भोगवटादार वर्ग-१’ किंवा ‘भोगवटादार वर्ग-२’ असं लिहिलेलं असतं. हे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले क्लास. वर्ग एकच्या मालकाला जमीन विकायला कुणाला विचारावं लागत नाही. वर्ग दोनवर सरकारची बंधनं असतात. महारांची वतनं बघा. गावकीची राबणूक फुकटात करून घ्यायची आणि त्या बदल्यात तुकडाभर वतनजमीन द्यायची, ही पद्धत मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. वतनं रद्द व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. जमिनी परत मिळाल्या, त्या नव्या शर्तीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येणार नाहीत. म्हणजे वर्ग दोन. कुणी म्हणेल, गरिबाची जमीन कुणी लुबाडू नये म्हणून ही तरतूद आहे. त्यात तथ्यही आहे. पण त्याच कागदामुळे बाजारात जमिनीचा भाव पडतो आणि अडीनडीला विकायची वेळ आली, की आधी परवानगीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बांधाच्या अलीकडची माती आणि पलीकडची माती एकच असते. फरक कागदावरच्या आकड्याचा असतो आणि त्या आकड्यामागे जातीचा इतिहास असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जात आणि क्लास यांचं नातं सगळ्यात आधी नेमकं कुणी सांगितलं? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय. भीमराव रामजी आंबेडकर तेव्हा तुमच्याच वयाचे होते. त्यात त्यांनी मांडलेलं सूत्र असं, की जात म्हणजे कुंपण घालून बंद केलेला वर्ग. वर्ग सगळ्या समाजांत असतात. पण एखादा वर्ग जेव्हा आतून कडी लावतो, लग्नं फक्त आपापल्यातच करायची असं ठरवतो, तेव्हा त्याची जात होते. त्यांच्या मते ही कडी आधी ब्राह्मणांनी लावली. बाकीच्या काहींनी अनुकरण म्हणून आपलीही दारं लावली आणि काहींना आपल्यासाठी दार बंद झाल्याचं दिसलं. आणि हे कुंपण टिकवायचं म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह अशा रूढी बाईच्या गळ्यात घातल्या गेल्या. जातीचं कुलूप बाईच्या शरीरावर लावलेलं आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं.

हे सूत्र आजही तपासता येतं. रविवारचं वर्तमानपत्र घ्या आणि छोट्या जाहिराती वाचा. इंग्रजीत त्यांना ‘क्लासिफाइड’ म्हणतात, पुन्हा तोच शब्द. उच्चशिक्षित, परदेशात नोकरी, स्वतःचा फ्लॅट, आंतरजातीय चालेल, आणि पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’. फ्लॅट असलेला, परदेशात गेलेला, क्लास वन झालेला मुलगा आपल्याकडेही आहे. क्लास जुळतो. तरीही क्षमस्व. बाबासाहेबांचा सगळा निबंध त्या एका शब्दात सिद्ध होतो.

१९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात, ते पुढे गेले. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, असं त्यांनी दाखवलं. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे रोज दिसत होतं. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने बाट होतो असं सवर्ण कामगार म्हणत. गिरणी एक, मालक एक, संप एक आणि खातं वेगळं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तरीही त्यांनी क्लास हा शब्द सोडून दिला नाही. १९३६ मध्येच त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत सांगितलं, की कामगारांचे शत्रू दोन आहेत: ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. एकाचंच नाव घेणाऱ्यापासून सावध राहा, हा त्याचा अर्थ मी घेतो.

आता ‘बॅकवर्ड क्लास’ची गोष्ट. २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हुकूम काढला, की संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवाव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून सगळे मागासलेले, अशी सरळ व्याख्या होती. त्यात शब्द वर्ग होता आणि यादी जातींची होती. महाराजांचा कसलाही गोंधळ झाला नव्हता.

अस्पृश्यांसाठी इंग्रज सरकार ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणायचं. दडपलेले वर्ग. हे नाव बाबासाहेबांना खुपत होतं. ४ नोव्हेंबर १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या पुरवणी निवेदनात त्यांनी आणि मद्रासच्या आर. श्रीनिवासन यांनी हे नाव बदला अशी मागणी केली आणि ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय सुचवले. म्हणजे दडपलेले म्हणू नका, न मानणारे म्हणा. १९३५ च्या कायद्यात शेवटी ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ आलं.

संविधानात मात्र क्लास शब्द राहिला. कलम १६(४) मध्ये नागरिकांचा मागास वर्ग आहे. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रासमधल्या कॉलेजप्रवेशाच्या राखीव जागा रद्द केल्या. त्यावर पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५(४) आलं: सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. ‘आर्थिकदृष्ट्या’ हा शब्द तिथे नाही, हे ध्यानात घ्या. हा गरिबी हटवायचा कार्यक्रम नव्हता. सत्तेच्या आणि ज्ञानाच्या जागी ज्यांना येऊ दिलं नाही, त्यांना आत आणायचा होता.

मग पुढची चाळीस वर्षं न्यायालयांत एकच वाद चालला: क्लास म्हणजे जात का? १९५५ मध्ये काका कालेलकर आयोगाने २,३९९ मागास जातींची यादी दिली आणि अध्यक्षांनीच सोबतच्या पत्रात जातीच्या निकषावर पाणी ओतलं. १९८० मध्ये मंडल आयोगाचा अहवाल आला आणि दहा वर्षं पडून राहिला. १९९० मध्ये तो लागू करायची घोषणा झाली तेव्हा देशभर काय झालं, ते तुमच्या आईवडिलांना विचारा. अखेर १६ नोव्हेंबर १९९२ ला इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २७ टक्के आरक्षण उचलून धरलं आणि मान्य केलं, की भारतात जात हाच अनेकदा सामाजिक वर्ग असतो. शाहू महाराजांनी जे १९०२ मध्ये चार ओळींत सांगितलं, ते तिथवर यायला नव्वद वर्षं लागली. त्याच निकालाने ओबीसींना क्रीमी लेयर लावला आणि निव्वळ आर्थिक निकषावरचं १० टक्के आरक्षण रद्द केलं.

ते १० टक्के २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने परत आले आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरले. यातला शब्द बघा. तिथे क्लास नाही, ‘सेक्शन’ आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. आणि त्या घटकात एससी, एसटी, ओबीसींतला गरीब बसत नाही. ‘कास्टवर नको, क्लासवर द्या’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: निव्वळ गरिबीवर दिलेल्या आरक्षणातून गरीब मातंगाला, गरीब गोंडाला, गरीब कुंभाराला बाहेर ठेवताना तुम्ही नेमकं काय बघितलं? खिसा बघितला की जात? शिवाय दोन्हीकडे उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांचीच आहे, मोजायची रीत वेगळी असली तरी. तो आकडा ओलांडला की ओबीसीतला माणूस साय ठरतो आणि त्याच्या आत असलेला सवर्ण दुर्बल ठरतो.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. ‘तुझा क्लास बदलला, आता कसली जात?’ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. सवर्ण नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. कागदावर सगळ्यांचा क्लास एकच होता, डिग्री एकच होती. आडनावाने निकाल दिला. ज्याला वाटतं क्लास बदलला की जात जाते, त्याने हा अभ्यास वाचावा.

पण एक गोष्ट आपण आपल्याशीही प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. पगार सुरू झाला, शहरात फ्लॅट झाला, मुलं इंग्रजी शाळेत गेली, की आपलाही एक क्लास तयार होतो. त्यात गैर काही नाही. बापाने खडी फोडली म्हणून पोराने एसीत बसू नये, असा नियम कुणी केलेला नाही. प्रश्न कडीचा आहे. आपण आतून कडी लावतो का? वस्तीतल्या चुलतभावाचा फोन उचलायचं टाळतो का? आपल्यातल्याच आपल्याहून मागे राहिलेल्या जातीच्या मुलाला खोलीत घेताना दोनदा विचार करतो का? १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती हा एकजिनसी वर्ग नाही असं म्हणत उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्यावर आपल्यात मतभेद आहेत, तुमच्या या गटातही असतील. मी आज त्यावर निकाल द्यायला आलेलो नाही. पण तो वाद करताना एकमेकांच्या तोंडावर दार लावून करू नका. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी वेदना बोलून दाखवली, ती या दाराविषयीच होती.

मराठीत क्लासला आपण वर्ग म्हणतो. मराठीतला ‘वर्ग’ मला जास्त आवडतो, कारण तो क्रियापदासारखाही चालतो. बँकेतले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करतात. म्हणजे एका जागी साठू न देता पुढे पाठवतात. आणि याच शब्दाच्या घरची आहे वर्गणी. भीमजयंतीची वर्गणी गोळा करत लहानपणी तुम्ही घरोघर फिरला असाल. वसतिगृहं, वाचनालयं, विहारं, आपल्या चळवळीतलं बहुतेक सगळं या वर्गणीवर उभं राहिलं. रोजंदारी करणाऱ्या बायांनी पदराच्या गाठी सोडून ती दिली. रोमच्या हिशेबात अशा बाया कुठेच नव्हत्या.

म्हणून तुम्हाला कुणी विचारलं, तुझा क्लास कोणता, तर पगाराची स्लिप दाखवू नका आणि मान खालीही घालू नका. त्यालाच उलट विचारा: कोणता क्लास म्हणतोस? मतं मोजायचा, डब्याचा, सातबाऱ्याचा, की संविधानाचा? संविधानाचा म्हणत असशील तर बस, सविस्तर बोलू. या वर्षी तुमच्यापैकी प्रत्येकाने एवढं करा. शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवेशाची तारीख, जातपडताळणीची कागदपत्रं, हे तुम्हाला जे ठोकरा खाऊन कळलं, ते गावाकडच्या एका मुलाला आणि एका मुलीला वेळेत सांगा. तुमच्या खात्यातलं ज्ञान त्यांच्या खात्यात वर्ग करा. क्लासिसचा मूळ अर्थ हाक. तुम्हाला कुणीतरी हाक मारली होती म्हणून तुम्ही इथे आहात.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.